हरकतीची मुदत

पत्राला उत्तर का दिलं नाही, हे विचारायला पत्र लिहिणारा स्वतःच दारात येऊन उभा राहील, असं वैजनाथरावांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"वैजनाथकाका तुम्हीच ना? मी सोमनाथ, बिडकीनचा. तुम्हाला मेल केला होता की. मराठीतनं." पोरगा सत्ताविशीचा असेल. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, काखेत वायरी लोंबणारा पांढरा प्लास्टिकचा डबा आणि हातात एक पितळी व्हॉल्व्ह.

"हो, आला होता," वैजनाथराव म्हणाले आणि कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"अहो, दारात काय उभं केलंय त्याला?" आतून यमुनाबाईंचा आवाज आला. "ये रे बाबा, आत ये. आलेल्याला बस म्हणायचं तरी यांना आधी विचार करावा लागतो."

पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत वैजनाथरावांचं टेबल खिडकीशी होतं. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनच्या कंट्रोल पॅनेलांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला. त्या पॅनेलांत एक साधी, स्वस्त चिप असे. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिता लिहिता ते एका कम्पायलरच्या नादी लागले. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत उतरवून देणारं ते साधन. जगभरचे लोक ते पदरमोड करून, बिनपगारी सांभाळत. कुणी दुरुस्ती सुचवली की बाकीचे ती ओळ न् ओळ तपासत, इंटरनेटवर सगळ्यांदेखत वाद घालत, आणि मगच ती आत जाई. निवृत्तीनंतर वैजनाथराव त्या जुन्या चिपच्या भागाचे राखणदार झाले. झाले म्हणजे, बाकीचे सोडून गेले आणि हे उरले.

त्या भागात सोमनाथनं एक दुरुस्ती पाठवली होती. राखणदार एकटाच असेल तिथं प्रकल्पाचा नियम साधा होता: ठरलेल्या मुदतीत त्यानं हरकत घ्यायची. घेतली नाही, तर संमती धरली जाईल.

मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती.

"काका, मी काय गुन्हा केला काय?" सोमनाथ खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाला. "तिकडं सगळ्यांनी चांगलं म्हटलं. तुम्ही तेवढं लिहिलं, 'थोडं थांबावं.' का थांबावं ते नाय लिहिलं. मी म्हटलं आपल्याच भागातला माणूस निघाला, लई आनंद झाला. मेल केला. तर तुमचं उत्तरच नाय."

उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. 'चिरंजीव' लिहिलं तर सलगी होते, 'श्रीयुत' लिहिलं तर पोराला परकं वाटेल, यातच पहिली संध्याकाळ गेली. आणि पुढं लिहायचं काय? दुरुस्ती देखणी होती. सोमनाथचा प्रोग्रॅम उतरवताना कम्पायलर मध्येच अडकत असे. तो अडथळा या पोरानं चार ओळींत काढला होता. वैजनाथरावांना स्वतःला ते सुचलं नसतं. पण तपासताना एकदा त्यांना काहीतरी खटकलं होतं. एकदाच. मग वीज गेली, चाचणीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम जतन करायचा राहून गेला, आणि नंतर किती खटपट केली तरी ते पुन्हा दिसलं नाही. आपल्याच डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसेना. वय झालं, भास झाला असेल. त्या भासापायी एका तरुण पोराची मेहनत अडवायची?

"मला एक शंका होती," ते म्हणाले.

"मग बोला की. शंका घेऊन घरात बसल्यावर आम्हाला कसं कळायचं?"

"मी तेच म्हणते गेली तीस-पस्तीस वर्षं," यमुनाबाईंनी चहा ठेवला. "तुझ्या हातात ते काय आहे रे?"

"व्हॉल्व्ह हाय, काकू. टँकर गावच्या टाकीवर आला की हा डबा व्हॉल्व्ह उघडतो. टाकी भरत आली की आपोआप बंद. एक थेंब सांडत नाय. यंदा गावागावात टँकरच हायेत, चाळीसेक गावचं काम मिळतंय आपल्याला. पण गिऱ्हाइकाची अट अशी, की प्रोग्रॅम कम्पायलरच्या अधिकृत आवृत्तीतच उतरवलेला पाहिजे. घरी ठोकाठोक केलेला नाय चालणार. म्हणून ही दुरुस्ती आज आत गेली पाहिजे. हुकली की पुढची आवृत्ती दिवाळीनंतर. तोवर पुण्याची पार्टी काम घेऊन जाईल."

"वर्कशॉप तुझंच आहे?" वैजनाथरावांनी विचारलं.

"वाळूजला. शेडमध्ये. बाबांची जमीन नव्या एमआयडीसीत गेली ना. भावकीत सगळ्यांनी बंगले बांधले. आमच्या बाबांनी बंगला नाय बांधला, मला शेड घालून दिली. आता येता-जाता लोक विचारतात, 'रामकिसन, पोरगं शेडमध्ये काय करतंय रं?'" तो हसला, पण हसू लगेच विझलं. "चालवून दाखवू काय? तुमच्या डोळ्यांनी बघा अन् मग सांगा."

व्हॉल्व्ह चालवायला पाणी लागणार होतं. आज नळाचा दिवस नव्हता. यमुनाबाईंनी पिंपाकडे एकदा पाहिलं, मग मोरीतून धुण्याची गढूळ बादली आणून टेबलावर ठेवली. "यात काय करायचं ते करा. आणि सांडायचं नाही. संध्याकाळी हेच मला फरशीला लागणार आहे."

सोमनाथनं नळ्या जोडल्या. डब्यावरचा दिवा लागला, व्हॉल्व्ह टक्कन उघडला, खालच्या पातेल्यात धार पडली, आणि काठाच्या बोटभर खाली पाणी आलं की पुन्हा टक्. पातेलं बादलीत ओतायचं आणि पुन्हा सुरू. दुपार उतरेपर्यंत ते चाललं होतं. एकदाही चूक झाली नाही.

"झालं समाधान?" सोमनाथनं कपाळ पुसलं. "आता लिहा, 'हरकत नाही.'"

वैजनाथरावांनी मान डोलावली. मनातली शंका किती पोकळ होती, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी चष्मा पुसला, संगणकावर चर्चेचं पान उघडलं. प्रकल्प सांभाळणाऱ्या इंग्रिडबाईंनी तिकडून सकाळीच लिहिलं होतं: 'वैजनाथ, कारण असेल तर कृपया आज सांगा. नसेल तर मी पुढे जाते.' त्यांनी कळफलकावर बोटं ठेवली. आणि काहीतरी बोलायचं म्हणून, केवळ अवघडलेपण घालवायला म्हणून विचारलं, "गावात लावून पाहिलंस का हे कुठं?"

"लावलंय ना. आमच्या बिडकीनजवळच्या वस्तीवर. महिनाभर झाला. एक नंबर चालतंय. एकदाच काय तो व्हॉल्व्ह अडकला होता."

बोटं थांबली. "अडकला म्हणजे?"

"उघडा राहिला. टाकी भरून वाहिली. तिथं मालनबाई म्हणून हायेत, टाकीवर लक्ष ठेवणाऱ्या. त्यांनी मला फोनवर असल्या शिव्या घातल्या काका, की ऐकवत नाय. बाया घागरी घेऊन रस्त्यावरचं पाणी भरत होत्या म्हणे. पण ते व्हॉल्व्हमुळं. टँकरचं पाणी तळातलं, गाळाचं. कचरा अडकला असणार."

"तू खोलून पाहिलास?"

"पाहिला की."

"कचरा निघाला?"

सोमनाथनं चहाचा रिकामा कप उचलला, त्यात पाहिलं, खाली ठेवला. बाहेरून भंगारवाल्याची आरोळी गेली.

"नाय," तो म्हणाला. "चकचकीत होता."

"त्या डब्यातला प्रोग्रॅम आहे तुझ्याजवळ? तुझी दुरुस्ती घालून उतरवलेला?"

"आमच्या वर्कशॉपचा हाय तो, काका. बाहेर द्यायचा नसतो."

"देऊ नकोस. तुझ्याच लॅपटॉपवर दाखव. मी हात लावत नाही."

सोमनाथनं जरा वेळानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर चिपच्या भाषेतल्या ओळी खाली सरकू लागल्या. वैजनाथराव नाक पडद्याला टेकेल इतके वाकून वाचत होते. यमुनाबाई बादली न्यायला आल्या आणि ती न घेताच परत गेल्या.

"थांब. ही बघ." त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "चिप लहान आहे. टाकी किती भरली यासारखा मोठा आकडा तिच्या एका घोटात मावत नाही. ती तो दोन घोटांत वाचते. आधी एक अर्धा, मग दुसरा. मध्येच चिपमधल्या घड्याळाचा ठोका पडला तर आकडा बदलतो, आणि हातात येतो अर्धा जुना, अर्धा नवा. म्हणून आपण आधी कडी लावतो, म्हणजे ठोक्याला बाहेर थांबवतो, दोन्ही अर्धे वाचतो, मग कडी काढतो. बरोबर?"

"व्हय. मी लावलीये कडी."

"तू लावलीस. पण तुझ्या दुरुस्तीनंतर कम्पायलरनं काय केलंय बघ. पहिला अर्धा कडी लावून वाचला. इथं कडी काढली. आणि दुसरा अर्धा… इथं. कडीच्या बाहेर."

सोमनाथनं ती ओळ वाचली. मग वरची वाचली. मग पुन्हा ती. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला, तो त्यानं पुसला नाही.

"हजारदा ठोका तिथं पडणार नाही," वैजनाथराव हळू म्हणाले. "एकदा पडेल. त्या दिवशी डब्याला वाटेल, टाकी रिकामी आहे."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच वाजले होते.

"काका," सोमनाथ खुर्ची ओढून जवळ आला. आवाज उतरला होता. "तुम्ही म्हणता ते खरं हाय. मी नाय म्हणत नाय. पण आज नका लिहू. आज आत जाऊ द्या. काम हातात आलं की मी रात्रंदिवस बसून हे नीट करतो, पुढच्या आवृत्तीत घालतो. देवाशप्पथ."

"आणि तोवर ते डबे?"

"तोवर माणूस बसवतो प्रत्येक टाकीवर. काय बी करतो." त्यानं हात जोडले नाहीत, पण हात कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. "मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाय. 'हरकत नाही' असं बी लिहू नका. काहीच लिहू नका. फक्त गप्प बसा. तेवढंच मागतोय."

वैजनाथरावांना उभ्या आयुष्यात कुणी इतकी सोपी गोष्ट मागितली नव्हती. कारखान्यात बढतीच्या यादीतून नाव गळलं तेव्हा ते गप्प बसले होते. देवेशनं, त्यांच्या मुलानं, बंगळुरूला कायमचं जायचं ठरवलं तेव्हाही. गप्प बसणं त्यांना श्वास घेण्याइतकं येत होतं. पाऊण तास नुसतं बसायचं, आणि हा पोरगा पाया पडून, हसत जिना उतरला असता. इंग्रिडबाई खूश, सगळे खूश. पण कडीबाहेरची ती ओळ जगभर जाणार होती. कुणाकुणाच्या कोणत्या डब्यात ती जाऊन बसेल, हे कुणाला माहीत?

"दुसरी दुरुस्ती आपण दोघं मिळून करू," ते म्हणाले. "मी रोज येतो वाळूजला. शिफ्टच्या बसनं येतो."

"तोवर काम गेलं, काका."

"हो," वैजनाथराव म्हणाले. "जाईल."

आणि ते टेबलाकडे वळले. सोमनाथचा प्रोग्रॅम वापरायचा नव्हता. जे पाहिलं ते लक्षात ठेवून त्यांनी स्वतःचा एक नवा, लहानसा प्रोग्रॅम लिहिला, सोमनाथची दुरुस्ती घालून तो उतरवला. घाईत दोनदा चुकीची कळ दाबली गेली. दुसरा अर्धा कडीबाहेरच आला. तेवढा भाग त्यांनी चर्चेच्या पानावर चिकटवला आणि वर इंग्रजीत मजकूर लिहायला घेतला. प्रत्येक शब्द खोडून पुन्हा लिहिला जात होता.

मागं सोमनाथ सामान आवरत होता. नळ्या झटकल्या, वायर पंजा आणि कोपराभोवती गुंडाळली, विहिरीचा दोर गुंडाळतात तशी. सगळं पिशवीत गेलं. तो दारापर्यंत गेला, बुटात पाय घातला, आणि तिथूनच विचारलं, "बिडकीनचं लिहिलं काय त्यात? टाकी वाहिल्याचं?"

"नाही."

"का? तोच तर पुरावा हाय तुमचा."

"तो तुझा आहे. तू माझ्या घरात बसून सांगितलास."

सोमनाथ एका पायात बूट, एक पाय अनवाणी, तसाच परत आत आला. खुर्चीच्या मागं उभा राहून त्यानं पडद्यावरचं वाचलं. त्याचा श्वास वैजनाथरावांच्या मानेला लागत होता.

"हे काय लिहिलंय?" तो एकदम चिडून म्हणाला. "'कदाचित माझा गैरसमज असेल.' खाली पुन्हा, 'मी चुकत असू शकतो.' शेवटी परत, 'माफ करा.' काका, हे वाचून ती बाई म्हणेल, म्हाताऱ्याला वाटतंय काहीतरी, अन् टाकेल पुढं. माझं काम बी गेलं अन् तुमचं म्हणणं बी गेलं! नाय म्हणायचंय ना? मग सरळ नाय म्हणा की!"

"मला तसं लिहायची सवय नाही रे."

"दिसतंय ते."

स्वयंपाकघराच्या दारात यमुनाबाई उभ्या होत्या.

वैजनाथरावांनी पहिलं 'कदाचित' खोडलं. मग गैरसमजाचं वाक्य. खालचं वाक्य खोडताना बोट जरा अडलं, पण तेही गेलं. 'माफ करा' मात्र राहू दिलं. त्याच्यापुढं सोमनाथचं नाव घातलं आणि ते त्याच्या पत्राच्या उत्तरासारखं वेगळ्या ओळीवर नेलं. वर उरलं एकच वाक्य: 'माझी हरकत आहे; कारण खाली दिलं आहे.'

"असं?" त्यांनी मागं न पाहता विचारलं.

सोमनाथ दाराशी जाऊन दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होता, मान खाली घालून, वाजवीपेक्षा जास्त वेळ.

वैजनाथरावांनी कळ दाबली. पान क्षणभर पांढरं झालं, मग मजकूर पडद्यावर आला आणि त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत उमटलं: आत्ताच.