डावे शिंपले, उजवे शिंपले

"तुमची चाळणी घाण होती, फ्राऊ हार्म्स. सरळ कबूल करा ना!"

त्यार्क हे प्रयोगशाळेच्या प्रमुख एकहॉफबाईंसमोर म्हणाला आणि वीबके हार्म्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ब्रेमेनच्या या प्रयोगशाळेत ती समुद्रतळातून उपसलेला चिखल धूत होती, आणि हा कालचा पोरगा, डॉक्टरेटला येऊन धड दोन वर्षं झाली नाहीत, तिची अब्रू काढत होता!

त्याचं काम ते काय? तिने धुतलेल्या चिखलातून वाळूच्या कणाएवढे शिंपले निवडायचे, आम्लात विरघळवायचे आणि त्यातल्या मॅग्नेशियमवरून ते जगले तेव्हा पाणी किती गरम होतं ते काढायचं. तर याच्या एकशेचाळीसच्या एकशेचाळीस नमुन्यांचे आकडे तीन अंशांनी जास्त. खापर वीबकेवर, म्हणे चाळणीत आधीचे शिंपले राहून मिसळले. आज ते शाबीत झालं की सोमवारपासून तिची रवानगी गोदामात.

"उरलेले शिंपले भिंगाखाली घ्या," वीबके म्हणाली. "मी दर वेळी चाळणी निळ्या रंगात बुडवते. आधीचं काही चिकटून राहिलं असेल तर निळं दिसेल. एक जरी निळा सापडला तर आत्ता किल्ली ठेवते."

एकहॉफबाईंनी टेबलावरची एकुलती ताटली, शेवटच्या नमुन्याची, भिंगाखाली सरकवली. "एकही निळा नाही."

"म्हणजे बुडवलीच नसेल!"

वीबकेने दोन्ही हात त्याच्या नाकासमोर नाचवले. नखं निळी. "आणि हे काय, हौसेनं रंगवलंय?"

एकहॉफबाईंची मान अजून खालीच होती. "त्यार्क, तू डाव्या वळणाचे निवडलेस ना? थंड पाण्यातले?"

"अर्थात. सगळे डावे."

"मग इथे उरलेत तेही डावेच कसे? उजवे कुठे गेले?" त्यांनी ब्रशने एक शिंपला परतला. "पालथा धरून वळण बघितलंस. पालथा केला की उजवा डावा वाटतो. तू उबदार पाण्यातले उचललेस."

त्यार्कचा चेहरा खर्रकन उतरला. वीबकेला असं बरं वाटलं म्हणता! तिला राहवेना.

"आणि म्हणे माझी चाळणी! मार्चपासून पालथे घालून बघतोय शहाणा!"

एकहॉफबाईंनी मान वर केली. बाहेर ऑक्टोबर संपत आला होता.

"मार्चपासून? तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाहुण्यांसमोर मला भांडीवाली म्हणाला होता हा," वीबके म्हणाली. "म्हटलं, आपटू दे तोंडावर."

एकहॉफबाई मनात हिशेब करू लागल्या. हे नमुने आले त्या जागचा चिखल संपला होता. साडेतीन हजार मीटर पाण्याखाली जहाज एकदाच भोक पाडून आलं होतं, पुन्हा कोण पाठवणार? मग त्यांना एकदम काही सुचलं.

"हरकत नाही. उजवे गेले तर गेले. डावे ताटल्यांत उरलेच असतील. बाकीच्या एकशेएकोणचाळीस ताटल्या कुठे आहेत?"

त्यार्कने वीबकेकडे पाहिलं. "मी दर शुक्रवारी यांच्याकडे द्यायचो."

वीबकेचे हात अजून वरच होते. तिने ते हळूच ॲप्रनच्या खिशात घातले.

"फ्राऊ हार्म्स?"

"धुतल्या," ती म्हणाली. "सगळ्या धुतल्या मी."