मनुक्यांच्या पाण्याचा प्याला

विषय : प्रभुभोजनात आंबवलेल्या द्राक्षारसाऐवजी मनुक्यांचं पाणी चालवून घेण्याबाबत.
संदर्भ : नागपुरातल्या धंतोलीच्या आमच्या लहानशा चर्चचा अर्ज.

मी त्या अर्जातला प्याला बोलतोय. सही करायला मला हात नाहीत. ऐकायला दोन कान मात्र आहेत.

कामठीच्या छावणीत घोड्यांच्या शर्यतीचं बक्षीस म्हणून मी जन्मलो. शर्यत घोड्यानं जिंकली, पण माझ्यातून व्हिस्की प्याला त्याचा कॅप्टन. पुढे कॅप्टनच्या विधवेनं मला चर्चला दिलं आणि मी सुधारलो.

मार्तंड गवंडीही माझ्यासारखाच सुधारलेला. मोहाची दारू सुटल्यापासून त्याच्या भिंती सरळ येत. पण प्रभुभोजनात, येशूच्या आठवणीचा द्राक्षारस घेऊन हातोहात फिरत मी जवळ आलो की तो मान फिरवी.

चर्चचे पंच गणपतराव एकदा म्हणाले, "काहून गा मार्तंड, प्रभूच्या प्याल्याले नाही म्हणून राहिला? घोटभर तर आहे."

"घोटाचंच भेव आहे जी. मले एकावर थांबता येत नाही."

प्याला नाकारणाऱ्याचं नाव सभासदांतून कमी करावं, असं पंचांत ठरू लागलं.

मार्तंडची बायको शामला विहिरीवर मला राखेनं घासत होती. तिनं हे सारं शेजारच्या हन्नाबाई पेणकरांना सांगितलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. यजमान रेल्वेत गार्ड.

"अगं, आमच्या गावाकडे कुठला आलाय द्राक्षारस?" हन्नाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी सांजेला शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागताना आम्ही मनुका भिजवतो, पिळतो आणि त्या पाण्यावर आशीर्वाद म्हणतो."

"अन् देव रागावत नाही?"

"इतक्या पिढ्यांत तरी तक्रार आलेली नाही."

यहुदी आणि ख्रिस्ती, मला या दोन्ही घरांचं कौतुक वाटतं. पिण्याला आशीर्वाद द्यायचा आणि झिंगण्याला द्यायचा नाही, ही बारीक रेघ त्यांनी जपली. छावणीत ती पहिल्या पेल्यातच पुसली जाई.

शामलानं ही गोष्ट पाद्रीसाहेबांच्या कानावर घातली. त्यांना ती पटली. गणपतराव म्हणाले, वरून मंजुरी हवी. पाद्रीसाहेबांनी मिशनच्या कचेरीत अर्ज पाठवला आणि निकाल लागेपर्यंत मनुकाच भिजवायला सांगितल्या.

त्या रविवारी मार्तंडनं मला दोन्ही हातांनी धरलं. त्यानं एक घोट घेतला, थांबला आणि मला पुढे दिलं.

पुढे गणपतराव होते. त्यांनी दोन घोट घेतले.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.