फॉलचा दोरा

शनिवारी सकाळी ललिताने चहात दोनदा साखर घातली आणि तो पाक तसाच नवऱ्याच्या हातात ठेवला. किशोरने निमूट पिऊन टाकला. लेक परदेशात शर्यतीला गेली असली की बायकोला काही बोलायचं नसतं, एवढं शहाणपण त्याला दोन वर्षांत आलं होतं.

लेक तेजस्विनी, वय वर्षं सतरा. एकच माणूस मावेल अशी, डोक्यावर छत नसलेली, चाकं बाहेर आलेली रेसची गाडी चालवायची. नाशिकच्या शाळेतल्या मैत्रिणी स्कूटीवरून पडत होत्या, त्या वयात ही मलेशियात ताशी दोनशेने वळणं घेत होती. सोबत तिचे प्रशिक्षक होते. आईबापांना जाता आलं नव्हतं, कारण निफाडच्या बागेत द्राक्षांची विरळणी चालू होती आणि विरळणी कुणाच्या शर्यतीसाठी थांबत नाही.

मागच्या महिन्यातल्या शर्यतीत तेजूची गाडी पुढच्याच्या चाकावर चढली आणि उलटी होऊन लांबवर घासत गेली. पोरगी रांगत बाहेर आली, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला आणि संध्याकाळी फोनवर म्हणाली की काही झालेलं नाही. ललिताने विचारलं, "जेवलीस का?" तेजू हो म्हणाली. त्या अपघातावर मायलेकींत पुन्हा एक अक्षर निघालं नाही.

पण ललिता स्वस्थ बसणारी बाई नव्हती. बोलता येईनासं झालं की ती शिवायला बसायची. मध्ये तेजू घरी आली, तेव्हा ललिता वणीच्या गडावर जाऊन आली, देवीचं कुंकू आणलं, नखाएवढ्या कापडात त्याची पुडी बांधली आणि तेजूच्या शर्यतीच्या सूटमध्ये, डाव्या बाजूला छातीशी, आतल्या अस्तरात शिवून टाकली. साडीला फॉल लावायचा दोरा हाताशी होता, तोच वापरला. टाके इतके बारीक की शिवणारीलाही पुन्हा सापडू नयेत. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. किशोर हसला असता आणि तेजू चिडली असती.

आणि आज सकाळी फोनवर तेजूने सहज सांगावं तशी एक हकिगत सांगितली. फिलिपिन्सच्या एका मुलीचा सूट तपासनिसांनी बाद केला होता. तिच्या बापाने कौतुकाने नावाची पट्टी गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतली होती. सूटचं कापड आगीत न पेटणारं असतं, त्याचा दोराही तसलाच लागतो. साधा दोरा आगीत वितळतो आणि कातडीला चिकटतो. म्हणून एक टाका जरी बाहेरचा दिसला तरी अख्खा सूट बाद. हे सगळं सांगताना तेजू मोबाइलच्या पडद्यातून सरळ आईकडे बघत होती.

 ललिताला एवढंच सुचलं, "जेवलीस का?"

मग तिचा पाय घरात ठरेना. किशोरबरोबर ती निफाडला बागेत गेली. पेठ तालुक्यातून मजुरीला आलेल्या बायका घडांतले जास्तीचे मणी कात्रीने छाटत होत्या. ललिताही कात्री घेऊन त्यांच्यात शिरली आणि पहिल्या फटक्यात अख्खा घड खाली पाडला. थोड्या वेळाने दुसरा. दर हंगामाला येणाऱ्या कुसाबाईने तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला मांडवाबाहेर सावलीत बसवलं. तिथे तरी कुठे बसवत होतं. दोरा वितळतो, कातडीला चिकटतो, हेच डोक्यात भुणभुणत होतं. तेजूला आत्ता फोन लावला तर सूट बाद होऊन ती आजच्या पात्रता फेरीला मुकेल. न लावला तर? ललिताने तीनदा नंबर काढला आणि तीनदा मोबाइल पदराखाली झाकला.

दुपारी शेडमधून किशोर पळत आला. पात्रता फेरीत तेजू चौथी आली होती, म्हणजे उद्याच्या शर्यतीत चौथ्या जागेवरून सुटणार होती. आजवर ती पहिल्या दहांतसुद्धा कधी नव्हती. किशोरने तिथल्या तिथे मजुरांसाठी पेढे मागवले, भावकीत फोन केले, मोठा पेढा बायकोच्या तोंडात कोंबला. ललिताला तो गिळवेना. आता तोंड उघडलं तर पोरीची चौथी जागा जाणार होती आणि न उघडलं तर तो दोरा पोरीच्या छातीशी राहणार होता. तिसरा काही मार्ग निघतो का हे ती रात्री अंथरुणावर कूस बदलत शोधत राहिली. नव्हताच तो, तर निघणार कुठून?

रविवारी किशोर आंघोळीला गेला तशी तिने फोन लावला.

"तेजू, सूट घातलास?"

"घालतेय."

"डावीकडे अस्तरात मी पुडी शिवलीय. देवीचं कुंकू आहे. साध्या दोऱ्याने शिवलीय."

पलीकडे कुणीतरी गाडीचं इंजीन गुरगुरवत होतं. ते थांबलं.

"माहितीय मला," तेजू म्हणाली. "बुधवारीच हाताला लागली."

"मग उसवली का नाहीस?"

"भीती वाटते ना गं मला."

 महिनाभर ही पोरगी घाबरलेली होती. आपण गड चढलो, कुंकू आणलं, सुई ओवली आणि जेवलीस का म्हणून विचारलं. नेमकं जे विचारायचं तेवढंच राहिलं. ललिताला स्वतःचा असा राग आला की हाताशी काही असतं तर फोडलं असतं.

"ती काढ," ती म्हणाली. "आणि जाऊन त्यांना सांग."

"सूट बाद होईल. मी चौथी आहे, आई."

"माहितीय. तरी सांग."

 मोबाइल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चेन सरकली आणि कात्री बारीक वाजू लागली.

"किती बारीक टाके घालतेस गं. निघतच नाहीयेत."

"खालच्या टोकाला गाठ आहे. तिथनं धर आणि हळू ओढ."

ललिताने मोबाइल कानाशी घट्ट दाबला आणि एकेक टाका तुटेपर्यंत ती ऐकत राहिली. पुडी फुटली आणि हात लाल झाला, असं तेजू म्हणाली. मग ती तपासनिसांकडे गेली.

व्हायचं तेच झालं. सुईची भोकं दिसली आणि सूट बाद झाला. शनिवारची वेळ त्याच सूटमध्ये नोंदवलेली, म्हणून तीही रद्द झाली. दुसऱ्या संघातल्या एका मुलाने आपला जादा सूट दिला, म्हणून निदान शेवटून सुरुवात करायला मिळाली. किशोरला हे ललिताने स्वतः सांगितलं.  तो गच्चीवर निघून गेला आणि शर्यतीच्या वेळेला खाली येऊन सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसला.

एरवी ललिता शर्यत स्वयंपाकघरातून ऐकायची, बघायची नाही. आज ती टीव्हीसमोर बसली. कॅमेरा रांगेवरून फिरत शेवटच्या गाडीशी आला. तेजूच्या बाह्या दुमडून मनगटाला चिकटपट्टीने गुंडाळल्या होत्या. हातमोजा चढवताना तिची बोटं थरथरत होती. मागच्या शर्यतींतही ती अशीच थरथरली असणार. बघायला होतं कोण?

गाड्या सुटल्या. पहिल्या वळणावर धूर झाला, दोन गाड्या वाळूत गेल्या आणि धुरातून तेजूची गाडी बाहेर आली. मग तिने एक गाठली, मग आणखी एक. निम्मी शर्यत होईतो किशोर सरकत सरकत बायकोला येऊन टेकला होता. तेजू अकरावी आली. अकराव्या नंबराला गुण नसतो, कप नसतो, भावकीत फोन करण्यासारखंही काही नसतं.

थोड्या वेळाने तेजूचा फोन आला. तोंड घामाने निथळत होतं, केस कपाळाला चिकटले होते. सवयीने ललिताच्या तोंडाशी आलं, जेवलीस का. तिने ते गिळलं.

"भीती वाटली?"

तेजूने नाक पुसलं. तळहात अजून लालच होता. "पहिल्या वळणापर्यंत. लय वाटली." मग तिने विचारलं, "आणि तुला?"

"माझी अजून गेली नाही," ललिता म्हणाली.