दोन सूत कमी

मी बोलतेय ती खुर्चीच्या पुढच्या पायाची मापपट्टी. दिसायला साधी काठी. खरं तर मी जळणात जायची, पण इथल्या खुर्च्या घडवणाऱ्या दादांनी उचललं, रंधा मारला आणि पायाच्या लांबीला कापलं. त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी लेथवर घडवलेला प्रत्येक पाय माझ्याशेजारी आडवा पडून गेला.

एकदा मी फरशीवर आपटले आणि माझं टोक उडालं. दादांनी ते घासून सरळ केलं. मी दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड झाले. नवी पट्टी करायची सोडून ते खूण करताना पेन्सिल तेवढी पुढं सरकवू लागले. माणसांना नवं करण्यापेक्षा लक्षात ठेवणं सोपं वाटतं. मी आखूड झाल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

मग दादांचा खांदा आखडला. त्यांची धाकटी बहीण, आमची ताई, जोडणी आणि गिऱ्हाइकं सांभाळते. एका वाचनालयाच्या साठ खुर्च्यांचं काम घेतल्यावर तिनं ठरवलं, पुढचे पाय बाहेरून करून घ्यायचे. मागचे पाय आणि बैठक इथंच. दादा फुगून बसले. पाय गेले तर आपलं इथं काय उरलं, ही त्यांची धास्ती. मला त्यांची कीव आली.

ताई नमुना मागायला आली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. आणखी काही सांगायचंय का, असं तिनं विचारलंही.

"पट्टी आहे ना," म्हणाले आणि पाठ फिरवली.

बाहेरच्या कारागिरानं मला रुमालावर ठेवलं. एवढं कौतुक घरी कधी झालं नव्हतं. त्यानं एकशे वीस पाय केले, सगळे तंतोतंत माझ्याएवढे.

पहिली खुर्ची जोडून ताई तिच्यावर बसली आणि हळूच पुढं घसरली. उठली, पुन्हा बसली, पुन्हा घसरली. मागचे पाय बरोबर होते, पुढचे आखूड. तिचा पारा चढला. या माणसाला परत काम द्यायचं नाही म्हणत तिनं फोन उचलला. दादांना हवं होतं तेच आपसूक घडत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, बोला हो.

"फोन ठेव," ते म्हणाले. "त्याची चूक नाही. पट्टी दोन सूत कमी आहे."

"सांगायला विसरलास?"

"नाही."

ताईनं फोन ठेवला. मग म्हणाली, "मागचे पाय तेवढेच कापावे लागतील. खांदा चालेल?"

"हळूहळू चालेल."

एकूण एक पाय त्यांनी स्वतः कापला. नवी पट्टी घेऊन त्या कारागिराकडे स्वतः गेले, झालं ते सांगून आले. आता तिकडून आलेला प्रत्येक पाय त्यांच्या हाताखालून जातो. ताईच्या मते ते जरा जास्तच चुका काढतात.

मला भिंतीवर टांगलंय. टांगण्याआधी दादांनी माझ्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'दोन सूत कमी'. थोडं थांबून खाली सही केली.

मला आता मापाला घेऊ नका. पण ही अक्षरं पुसू नका. बावीस वर्षांत त्यांनी एकाही खुर्चीवर सही केली नव्हती.