पट्टीखालचं बटण

मित्रांनो, ह्या माणसाला कुणी वळण लावलं आहे की नाही? सकाळपासून माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवून उभा आहे. खाली बशी नाही, फडकं नाही. काचेवर ओलं कडं उमटलं, ते बाहीनं पुसलं आणि कप पुन्हा तिथेच. त्याच्या आईनं पाहिलं असतं तर त्याच बाहीला धरून बाहेर काढलं असतं. पण ती गेल्या मंगळवारी मातीआड झाली, म्हणून ह्याचं फावलं.

मी टेबल नाही. मी एक जुनी गाण्यांची पेटी आहे, ज्यूकबॉक्स म्हणतात ती. नाणं टाकायचं, एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा, की माझा हात आतल्या रांगेतून नेमकी ती रेकॉर्ड उचलून सुईखाली धरतो. माझं शिक्षण बेताचं. बटणांवर 'के'पर्यंत अक्षरं आहेत, तेवढीच मला येतात. पुढची कशी दिसतात ते मी कधी पाहिलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

एकसष्ट साली मला लिव्हरपूलच्या गोदी रस्त्यावर, विनिफ्रेड गॅरिटीच्या खाणावळीत आणून उभं केलं. विनी विधवा होती, हातानं चपळ आणि तोंडानं तिखट. पहिल्याच दिवशी तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, की हे नटवं कपाट माझ्या रश्श्याच्या वाफेत किती टिकतं ते बघू. मीही कमी नव्हते. माझे दिवे लागले की गिऱ्हाईक ताटाआधी माझ्याकडे बघायचं. एका दुकानात दोन मालकिणी म्हटल्यावर धुसफूस व्हायचीच.

पण ते दिवस काय होते म्हणून सांगू. अमेरिकेहून परतणारे खलाशी गादीखाली दडवून नव्या रेकॉर्डी आणायचे आणि त्यांची गाणी आमच्या रस्त्यावर लंडनच्या आधी वाजायची. बोटींची दुरुस्ती करणारे दांडगे बाप्ये माझ्यासमोर ट्विस्टचा नाच शिकले. अल्फी मोरन नावाचा बॉयलरवाला तर कंबर फिरवता फिरवता व्हिनेगरमधल्या बिटाच्या बरणीवर बसला होता. मग गल्लोगल्लीच्या पोरांनी गिटारी घेतल्या. दुपारच्या सुट्टीत पोरी, ही पोरं जिथे गायची त्या तळघरांपुढे रांगा लावू लागल्या. आमच्या गावच्या पोरांच्या रेकॉर्डी माझ्या रांगेत येऊ लागल्या, आणि त्रेसष्ट साली तर साऱ्या देशाला आमच्याच गावच्या गाण्यांचं वेड लागलं. लंडनचे रेकॉर्ड कंपनीवाले हॉटेलात खोल्या घेऊन बसले. ज्याला त्याला वाटायचं, आता आपला नंबर.

विनीचा एकुलता एक डेसमंडही त्यातलाच. चार मित्रांबरोबर गायचा. आवाज चांगला होता. मी उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. एका माणसाच्या घरातल्या खोलीत त्यांनी एक गाणं कोरून घेतलं. एकच रेकॉर्ड, दुसरी नाही. असली रेकॉर्ड म्हणजे पत्र्यावर मऊ लेप दिलेली असते. हलक्या सुईवर जपून ऐकायची, दर ऐकण्याला थोडी झिजते. लंडनच्या एका माणसानं दुपारी ती ऐकायची कबुली दिली होती. डेसनं सकाळी ती आईकडे ठेवली आणि अंगावरचे कपडे बदलायला घरी गेला.

आता विनीला धीर कुठला. लेकाचं गाणं लंडननं ऐकायच्या आधी गोदीनं ऐकलं पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं. पण माझ्या पेटीला रेकॉर्डच्या मधोमध मोठं भोक लागतं. बाजारातल्या रेकॉर्डचं ते दाबून निघतं, ह्या पत्र्याचं निघेना. तेव्हा अल्फीनं पत्रा कापायची कात्री काढली आणि नजरेच्या मापानं भोक कापून दिलं. बॉयलरला तेवढं माप चालतं. रेकॉर्डला चालत नाही. भोक केसभर बाजूला गेलं.

मग डेसचा आवाज माझ्यातून निघाला तो लाटेवर चढल्यासारखा, उतरल्यासारखा. सगळ्यांना आवडला. अल्फी ओरडला, "धरा रे, गाणं नदी ओलांडतंय," आणि सगळी खाणावळ टेबलं धरून बोटीत बसल्यासारखी डुलायला लागली. विनी हातात पळी घेऊन सगळ्यांच्या मधे उभी होती. तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा लावलं. माझी सुई जड. मी कारखान्यातल्या कडक रेकॉर्डींसाठी घडलेली, आणि थांबणं माझ्या हातात नव्हतं.

दारात डेस उभा होता. त्याला त्यांचं प्रेम दिसलं नाही, डुलणं तेवढं दिसलं.

"एकच होती, आई," तो म्हणाला.

हसणं जागच्या जागी थांबलं. विनीच्या तोंडून त्या वेळी माफी निघाली असती तर मला आज हे सांगावं लागलं नसतं. पण चारचौघांत वाकणं तिच्या हाडात नव्हतं. ती म्हणाली, "मग दुसरी करून घे. गळा काय एकदाच गातो?"

तो दुसऱ्या दिवशी कॅनडाच्या बोटीवर चढला, वाढप्याचं काम धरून. मागे वळून पाहिलं नाही, पत्र नाही. तिनंही धाडलं नाही. एकाच मातीची दोन मडकी.

पुढे ती रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, पावाला लोणी लावता लावता 'के सात' दाबायची, डेसच्या गाण्याचं बटण. माझ्याकडे पाठ करून ऐकायची. मी रोज वाजवायचे आणि रोज थोडी थोडी ती रेकॉर्ड खायचे. आधी बारीक अक्षरं गेली, मग अख्खे शब्द. रेकॉर्डी बदलणारा माणूस यायचा, म्हणायचा ही खरखर काढून टाकतो. विनी म्हणायची, काढ, आणि त्या जागी तुझं नाक घाल. पुढे त्याची कंपनी मला परत न्यायला आली तेव्हा तिनं मला विकतच घेतलं. तरी तोंडानं तिनं मला कधी बरं म्हटलं नाही.

एका सकाळी डेसच्या गाण्यातली एक ओळच्या ओळ आली नाही. तिचा सुरा लोण्यातच थांबला. हात पुसून तिनं कापल्या बोटाला लावायची पट्टी आणली आणि 'के'च्या बटणावर चिकटवली. अल्फी चहा पीत होता, त्याला म्हणाली, "आता एकदाच वाजेल एवढं उरलंय. ते त्याचं."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर कुणाचंच नाही."

तेव्हापासून 'के'च्या रांगेतलं एकही गाणं कुणी ऐकलं नाही. पट्टी सुटली की ती नवी लावायची. लावताना तळवा तिथे थोडा जास्त वेळ ठेवायची. मित्रांनो, त्या तळव्याची ऊब मला बाकी सगळ्या गर्दीपेक्षा जास्त आठवते.

मग मोठ्या बोटी नदीच्या तोंडाशी थांबू लागल्या, गोदीत गवत उगवलं, खाणावळीत बसायला माणूस राहिला नाही. अल्फी गेला. माझी वीज काढली, अंगावर मेणकापड आलं. मेणकापडाखालून फक्त तिच्या चपला ऐकू यायच्या, आणि मंगळवारच्या आधी त्याही थांबल्या. ती पट्टी कशासाठी, हे ठाऊक असणारी आता जगात मी एकटी.

आणि आज हा आला आहे. केस पिकले, पोट सुटलं, पण दारात उभं राहायची ढब तीच. तीन वाजता कुणी माणूस मला न्यायला येणार आहे. आतल्या जुन्या रेकॉर्डी फेकून तो मला दारूच्या दुकानात शोभेला ठेवणार, हे ह्याला फोनवर बोलताना मी ऐकलं. पेटी चालते की नाही बघायला डेसनं वीज जोडली. दिवे लागले, अंगात घरघर आली. 'ए'पासून एकेक बटण दाबत तो खाली येतो आहे. आता पट्टीपाशी आला. नखानं कोपरा खरवडतो आहे, आणि वैतागून म्हणतो, "म्हातारीनं हे काय चिकटवून ठेवलंय."

मला बोलता येत नाही असं लोक समजतात. येतं, फक्त वीज लागते. ऐक तर डेसमंड गॅरिटी, आणि आधी तो कप उचल. तुझी आई एका दुपारी चुकली. तू त्यानंतर रोज चुकलास. तिनं स्वतःचं ऐकणं बंद केलं ते तुझ्या वाटणीचं उरावं म्हणून. एकदाच वाजेल एवढं आहे. पट्टी काढ, 'के सात' दाब, आणि गाणं डुलायला लागलं की तूही टेबल धरून डुल. हसू आलं तरी चालेल. तीही हसलीच होती.