रईसची खोटी खाण

वरोऱ्याच्या रईसला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती, मुजफ्फरचाचांनी खूश व्हावं. चाचांची अमरीन केव्हाच हो म्हणून बसली होती, अडलं होतं ते बापापाशी. विचारलं की चाचा म्हणत, "देखेंगे." आता देखेंगेला माणसानं काय उत्तर द्यावं, सांगा.

रईसचं लग्नाच्या मांडवातल्या लाइट-साऊंडचं दुकान. माजरीच्या वाटेवर एका ठेकेदारानं खाणकामगारांना सुरक्षा शिकवायला शेड उभारून कंप्युटरचे चष्मे मागवले होते. दोन हजार सहाची गोष्ट, असलं काही तोवर आपल्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर चढवला की समोर खाण. पण नुसती दिसून काय कामाची? ठेकेदारानं रईसला बोलावलं, म्हणाला, धूर पाहिजे, धग पाहिजे, वास पाहिजे, पायाखाली हादरे पाहिजेत. मग काय, रईसनं जीव ओतला. शेडमधल्या बाकांखाली मोठाले स्पीकर ठोकले, हीटर लावले, धुराचं मशीन आणलं, ओला कोळसा पंख्यापुढे मांडला. गोंधळ उडवायला स्वतःच्याच आवाजात टेप भरली, "आग लागली, पळा, पळा!" लग्नात नवरदेवाचं नाव पुकारून त्याचा गळा असा तयार झाला होता की ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं.

शिकवणीचा धडा असा की कोणी कितीही ओरडो, सरदारानं शिट्टी दिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. सरदार म्हणजे खाणीतल्या टोळीचा मुख्य, सगळ्यांचा जीव त्याच्या हाती. आणि त्या दिवशीच्या टोळीचे सरदार होते मुजफ्फरचाचा.

माणसं चष्मे चढवून बाकांवर बसली. हादरे सुरू झाले, धूर आला, टेप ओरडली.

"बापा, अस्सल हाय," टोळीतले मुखरूभाऊ म्हणाले.

चाचांनी मान डोलावली. ती डुलती मान पाहून रईस मनातल्या मनात घोडीवर चढला.

तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. हा वास काही त्यानं मांडला नव्हता. वळून पाहतो तर भिंतीवरची वायर पेटलेली, जाळ पडद्यावर चढत होता, आणि मेन स्विच नेमका जाळामागे.

"आग लागली, पळा!" तो ओरडला.

कोणी हललं नाही. "मघाचाच पोट्टा ओरडून राह्यला," मुखरूभाऊ म्हणाले.

रईसनं धावत जाऊन चाचांचा खांदा गदागदा हलवला. "चाचा, खरीच आग हाय."

"वा बेटा, हे मशीन हात बी लावते," चाचा हसले. त्यानं चष्मा ओढला तर चाचांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. खाणीत डोक्यावरची टोपी सोडायची नाही, ही जन्माची सवय.

रईसला रडू कोसळायचं बाकी होतं. काय बोललं म्हणजे खरं वाटेल? जे कोणी गाढवही टेपेत भरणार नाही, तेच. आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तेच तर चाचांपासून लपवायचं होतं. अमरीन गेली हातची, असं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"चाचा, माही चूक हाय. एवढ्या हीटरले जाड वायर पाहिजे होती. मी मांडवातली जुनीच जोडली. धोका हाय, हे मले माहीत होतं. तुमाले काम लवकर दाखवाचं होतं, म्हणून जोडली."

चाचांचं हसू थांबलं. लगेच शिट्टी वाजली.

चष्मे निघाले. माणसं एकमेकांचा खांदा धरून, जराही धक्काबुक्की न करता बाहेर पडली. चाचा सगळ्यात शेवटी, रईसची कॉलर धरून. त्यांनी माणसं मोजली, खांबावरचा फ्यूज काढायला लावला, मग वाळूच्या बादल्या मारून आग विझवली.

आणि मग रईसच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की त्याला दिवसा चांदण्या दिसल्या. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. वाईट अमरीनचं वाटत होतं. तो मान खाली घालून जळकी वायर गुंडाळू लागला.

चाचा शेजारी येऊन बसले. "काऊन सांगितलं रे? गप राह्यला असता तं कोनाले समजलं असतं?"

"तुमी आत होते ना," रईस म्हणाला.

चाचा उठले, पँट झटकली. "जुम्म्याले अब्बाले घेऊन घरी येजो. तारीख काढू."

रईसचा कानांवर विश्वास बसेना. "अन् मांडवाचं लाइटिंग, चाचा?"

"ते भद्रावतीवाल्याले देईन," चाचा म्हणाले. "तू निस्ता नवरा बन. बटनाले हात नोको लावजो."