पहिला घोट

सुरुपसिंगने बगलेतली बाटली काढून खाटेच्या पायाशी ठेवली, पळसाच्या पानाचा द्रोण झटकला आणि सिंधुबाईच्या सगळं ध्यानात आलं.

चूक तिचीच होती. काल तिनेच पाड्याच्या या कारभाऱ्याला निरोप धाडला होता, दलसिंगच्या घरी मोठा पाहुणा येणार आहे, अंगण तेवढं झाडून ठेवा. पाहुणा म्हटल्यावर पुढे काय येतं, हे मोलगीच्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्सपणा करून तिच्या डोक्यात येऊ नये, याला काय म्हणावं? तिला स्वतःला इथे कोणी पाहुणी धरत नसे. ती दवाखान्याची बाई. तिला पाणी मिळे, फार तर भाकर.

खाटेवर बसलेले डॉक्टर कानिटकर पुण्याहून आले होते. दारूच्या व्यसनावर त्यांचं संशोधन चाललं होतं, आणि त्यातच काम करता करता शिकायचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यांनी काढला होता. खानदेशातून एकच जागा. उमेदवाराने एक तरी माणूस दारूतून सोडवलेला असावा आणि स्वतः दारूला कधी शिवलेलं नसावं, तसं प्रतिज्ञापत्र द्यावं, अशा अटी होत्या. प्रतिज्ञापत्रावर सही करताना सिंधुबाईला हसू आलं होतं. ती तापीकाठच्या गुजर घरातली. तिच्या माहेरी दारूचं नुसतं नाव काढलं तरी आत्या चूळ भरायला लावी.

सिंधुबाईने सोडवलेला माणूस म्हणजे दलसिंग; त्यालाच पाहायला डॉक्टर आले होते. मागच्या होळीला तिने त्याला शपथ घालून एका दिवसात दारू तोडायला लावली, तेव्हापासून तो कोरडा होता. पिऊन पिऊन त्याला भिंतीवर साप दिसायचे, तेव्हा बायको माहेरी निघून गेली होती. वर्षभर प्याला नाही तर परत येईन, असं ती सांगून गेली होती, आणि ते वर्ष आता संपत आलं होतं.

पण सिंधुबाईला पुणं हवं होतं ते जान्यासाठी. जान्याही याच पाड्यावरचा. त्यालाही तिने तशीच शपथ घातली, तशीच एका दिवसात दारू तोडायला लावली. थोड्याच दिवसांत त्याला झटके आले आणि तो गेला. एक जगला, एक मेला, आणि दोन्ही का झालं हे तिला सांगता येत नव्हतं. तेव्हापासून कोणी दारू सोडतो म्हणून दवाखान्याच्या पायरीवर आलं की तिला आधी जान्याचे झटके आठवत. तिला शिकायचं होतं. बाकी पगार, बढती वगैरे सगळं नंतरचं.

सुरुपसिंगने मोहाची दारू द्रोणात ओतली, चार थेंब भुईवर सोडले आणि द्रोण दलसिंगपुढे धरला.

"पाव्हना घर उना शे. घोट ले, मंग त्यासले दे."

घरधन्याने आधी स्वतः प्यायचं, मग पाहुण्याला द्यायचं. घरात विष नाही, चेटूक नाही, हे दाखवायची तीच रीत. दलसिंगने द्रोण हातात घेतला. त्याने सिंधुबाईकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

डॉक्टरांच्या थोडं थोडं लक्षात येत होतं. "मी घेत नाही," ते म्हणाले. "त्यांना सांगा, राग मानू नका."

"तसं सांगून भागत नाही, साहेब," सिंधुबाई हळूच म्हणाली. "पाहुण्याने नाकारलं तर या घराला डाग लागतो. मग त्याची बायकोही उंबरा चढायची नाही."

"आणि तो प्याला तर?"

त्याचं उत्तर द्यायला वेळ नव्हता. द्रोण दलसिंगच्या छातीपर्यंत गेला होता. वास त्याच्या नाकात शिरला असणार, कारण त्याचा गळा वरखाली झाला.

सिंधुबाई पुढे झाली.

"दादा, आण तो. पहिला घोट मी लेस."

सुरुपसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घरना मानूस लागस. दलसिंग, हाई बाई तुन्ही कोन लागस?"

दलसिंगने द्रोण छातीपासून खाली केला.

"बहीन," तो म्हणाला. "मन्ही बहीन शे."

सुरुपसिंगने जरा वेळ दोघांकडे पाहिलं आणि मान डोलावली. सिंधुबाईने द्रोण घेतला, डोळे मिटले आणि घोट घेतला. घसा जळत गेला. ठसका आला तो तिने पदरात दाबला. आत्या जिवंत असती तर तिने सिंधुबाईच्या आईला हाक मारून रडायला घेतलं असतं. सिंधुबाईने द्रोण डॉक्टरांपुढे केला. डॉक्टरांनी मुकाट्याने तो ओठाला लावला आणि सुरुपसिंगला दिला. सुरुपसिंग खूश झाला, उरलेली बाटली त्याने तिथेच बसून संपवली. दलसिंग तेवढा वेळ घरामागे जाऊन लाकडं फोडत होता.

मोलगीला जीप उभी होती. तिथपर्यंत उताराची वाट. दोघं पायी निघाले.

"माणूस खरोखर सुटलाय," डॉक्टर उतरता उतरता म्हणाले. "असा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. जागा तुमचीच आहे, सिंधुबाई. मघाचं मी काही पाहिलं नाही. तसा ओठ माझाही ओला झालाय."

सिंधुबाई थांबली. पुणं इतकं जवळ आलं होतं की तिला रडू येईल असं वाटलं.

"मग तुमच्या टिपणात काय येणार, साहेब?"

"पाहुणचाराचं येईल ना. पहिला घोट एका नातेवाईक बाईने घेतला असं लिहीन."

"तो घरात एकटा राहतो, हे सकाळीच लिहिलंत तुम्ही. मग नातेवाईक कुठून आली?"

"तर मग तो भागच गाळतो."

"गाळला तर पुण्याहून शिकून येणारा पुढचा माणूस दलसिंगसारख्याच कोणाच्या तरी खाटेवर जाऊन बसेल. पाहणी करायला म्हणून जाईल आणि त्यालाच पाजून येईल. आज मी तेच करून बसले होते."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "लिहिलं तर तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. निवड समितीत मी एकटा नाही. आणि मलाही विचारतील."

"विचारतील."

"सकाळी सांगितलंत त्या जान्याला काय झालं, ते तुम्हाला शिकायचं होतं ना?"

तिने पदराने तोंड पुसलं. दारूची चव अजून गेली नव्हती.

"होतं," ती म्हणाली. "अजून आहे. पण लिहा. नर्सने घेतला, असं लिहा. मोलगीची सिंधुबाई. नाव नसलं तर कोणी खरं मानणार नाही."

ती पुढे होऊन चालू लागली. थोडं अंतर गेल्यावर मागे पावलांचा आवाज नाही, म्हणून तिने वळून पाहिलं. डॉक्टर वाटेतल्या दगडावर बसले होते आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते.